विक्रीतील वाट्यानुसार मालाची ए-बी-सी विभागणी : पॉवर बीआयमध्ये वर्ग गोठवावा की स्लायसरबरोबर बदलू द्यावा?

कोपरीकर (धागाकर्ता)

नमस्कार. ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये नळजोडणीच्या सामानाची घाऊक विक्री करणाऱ्या एका पेढीत मी हिशेब आणि अहवालांचे काम पाहतो. काउंटर वागळे इस्टेटमध्ये आहे, गोदाम तुर्भ्याला आहे, आणि यांशिवाय थेट बांधकामाच्या जागेवर जाणारी विक्री आहे, ती मुख्यतः घोडबंदर रस्त्यावर आणि खारघरच्या बाजूला. यादीत साधारण १,८४० आयटम आहेत. विक्रीची आकडेवारी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढून मी ती पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या साधनात आणतो.

शेठजींनी मागितलेली गोष्ट सांगायला सोपी आहे : ज्या आयटमांमधून ७० टक्के विक्री येते ते ए, त्यापुढची २० टक्के देणारे बी, आणि उरलेल्या १० टक्क्यांतले सी. मी प्रथम मेजर, म्हणजे अहवाल पाहताना त्या त्या वेळी काढले जाणारे सूत्र, लिहिले. प्रत्येक आयटमची विक्री घ्यायची, तेवढी किंवा त्याहून जास्त विक्री असलेल्या सर्व आयटमांची बेरीज करायची, तिला एकूण विक्रीने भागायचे आणि येणाऱ्या टक्केवारीवरून वर्ग ठरवायचा. तक्त्यात झाडून सगळे १,८४० आयटम सी वर्गात आले. मग तेच सूत्र माल टेबलात कॅल्क्युलेटेड कॉलम म्हणून लिहिले, तर वर्ग नीट पडले; मात्र स्लायसरमध्ये (अहवालावरील निवडीच्या चौकटीत) फक्त ‘तुर्भे’ निवडले किंवा तिमाही बदलली, तरी एकही वर्ग हलत नाही.

माझे प्रश्न दोन. मेजरमध्ये सगळे सी का झाले? आणि कॉलममधील न हलणारा वर्ग ही चूक समजावी की तो तसाच असणे योग्य आहे?

तीन हात नाका

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तक्त्याच्या प्रत्येक ओळीवर त्या आयटमचा फिल्टर लागलेला असतो. आपण बेरजेसाठी माल टेबल जसेच्या तसे घेतले असेल, तर त्या ओळीपुरते त्या टेबलात एकच आयटम शिल्लक असतो. त्यामुळे चढती बेरीज म्हणजे त्याची स्वतःची विक्री, एकूण म्हणजेही त्याची स्वतःचीच विक्री, आणि भागाकार दर वेळी १०० टक्के. शंभर टक्के नव्वदच्या पुढे असल्याने सगळे सी. माल टेबलाभोवती ‘ऑल’ किंवा ‘ऑल-सिलेक्टेड’ हे फंक्शन घातले की ओळीचा फिल्टर निघतो आणि बेरीज खऱ्या अर्थाने चढू लागते. या दोहोंत फरक आहे : ‘ऑल’ घातले तर माल टेबलावरचे सर्वच फिल्टर निघतात, अगदी बाहेरच्या स्लायसरमध्ये निवडलेला मालाचा गटसुद्धा; ‘ऑल-सिलेक्टेड’ घातले तर तक्त्याच्या ओळींचा फिल्टर तेवढा निघतो आणि स्लायसरमधील निवड कायम राहते.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो, कारण त्याच्यापायी माझे दोन दिवस गेले होते. आयटमच्या नावाचा कॉलम आपण दुसऱ्या कॉलमनुसार, उदाहरणार्थ आयटम कोडनुसार, क्रमाने लावला असेल, तर तक्ता पडद्याआड त्या कोडचाही फिल्टर लावतो. अशा वेळी ‘ऑल’मध्ये फक्त नावाचा कॉलम दिला, तर नावाचा फिल्टर निघतो पण कोडचा राहतो, आणि पुन्हा सगळे सी. म्हणून एकेक कॉलम देत बसण्यापेक्षा संपूर्ण टेबल द्यावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नातील न हलणारा वर्ग ही चूक नाही. कॅल्क्युलेटेड कॉलमचे मूल्य डेटा रिफ्रेश होताना एकदाच काढले जाते आणि साठवले जाते. मेजर मात्र प्रत्येक क्लिकला नव्याने काढले जाते. त्यामुळे कॉलम स्लायसरला दाद देणार नाही, हे त्याच्या स्वभावातच आहे. त्याच्या बदल्यात कॉलम आपण आलेखाच्या अक्षावर किंवा खुद्द स्लायसरमध्ये ठेवू शकतो, तशी मोकळीक मेजरला नाही. यांतले योग्य कोणते, हे पॉवर बीआय सांगणार नाही. वर्ग हाती आल्यावर त्याचे काय करायचे आहे, ते कळवाल का?

कोपरीकर

सविस्तर प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्या सूत्रात माल टेबल उघडेच होते. ‘ऑल-सिलेक्टेड’ घातल्यावर वर्ग पडले. वापर तीन प्रकारचा होणार आहे. गोदामात ए वर्गाचा माल लादण्याच्या दाराजवळ ठेवायचा आहे. खरेदी पाहणाऱ्या व्यक्तीला ए वर्गाचा साठा दर आठवड्याला आणि सी वर्गाचा महिन्यातून एकदा तपासायचा आहे. शिवाय शेठजींना प्रत्येक शाखेत काय चालते ते महिन्याच्या बैठकीत पाहायचे आहे.

गोदामातला

मी भिवंडीच्या एका गोदामात साठ्याचे काम पाहतो, त्यामुळे सूत्रांविषयी बोलणार नाही. आपल्या तिन्ही वापरांपैकी पहिल्या दोहोंसाठी वर्ग गोठवलेलाच हवा. रॅकवरचा माल दाराजवळ आणायचा म्हणजे दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. कोणी कार्यालयात बसून स्लायसरमध्ये मे महिना निवडला आणि वॉटरप्रूफिंगचे डबे ए झाले, म्हणून आम्ही ते उचलून पुढे आणायचे आणि जुलैत परत मागे न्यायचे, असे होणार नाही. आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा यादी निघते आणि ती पुढच्या यादीपर्यंत बदलत नाही.

आणखी एक अनुभव. सीमेवरचे आयटम दर यादीत ए आणि बी यांच्यामध्ये येरझारा घालतात, कारण एकाचा वाटा एकदा ६९ टक्क्यांवर संपतो आणि पुढच्या खेपेस ७१ वर. आम्ही असा नियम ठेवला आहे की लागोपाठ दोन याद्यांत नवा वर्ग आला तरच जागा बदलायची. त्यानंतर ओरड थांबली.

तीन हात नाका

गोदामातला यांच्याशी पूर्ण सहमत. बैठकीसाठीचा तिसरा वापर मात्र हलत्या वर्गाचा आहे, कारण तेथे प्रश्नच मुळी ‘तुर्भ्यापुरते पाहिले तर ए कोण’ असा असतो. म्हणजे एकाच अहवालात दोन्ही लागतील, आणि दोघांना निरनिराळी नावे द्यावी लागतील. दोघांचेही नाव ‘वर्ग’ असेच ठेवले, तर पहिल्याच बैठकीत ‘हा आयटम इथे ए आणि तिथे बी कसा’ यावर तास जाईल.

आता सूत्राकडे येतो. आपल्या सूत्रात एक चूक दडलेली आहे, ती १,८४० आयटमांच्या यादीत दिसणार नाही, पण एखादा छोटा गट निवडल्यावर दिसेल. समजा पाण्याच्या टाक्यांच्या गटात पाचच आयटम आहेत आणि त्यांची विक्री हजार रुपयांत ७,४००, १,१००, ८००, ४०० आणि ३०० अशी आहे. एकूण १०,०००. चढती टक्केवारी ७४, ८५, ९३, ९७, १००. ‘७० पर्यंत ए, ९० पर्यंत बी’ या नियमाने पहिला आयटम ७४ वर असल्याने तो बी ठरतो, आणि गटात ए वर्गाचा एकही आयटम उरत नाही. तीन चतुर्थांश विक्री देणारी टाकी दुय्यम ठरवणारा अहवाल शेठजींपुढे ठेवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

यावर उपाय असा, की स्वतःला धरून येणारी बेरीज न पाहता स्वतःच्या आधी झालेली बेरीज पाहायची. आधीची बेरीज ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ए, ९० पेक्षा कमी असेल तर बी, नाहीतर सी. वरच्या उदाहरणात आधीच्या बेरजा ०, ७४, ८५, ९३, ९७ येतात; म्हणजे पहिली टाकी ए, पुढच्या दोन बी आणि शेवटच्या दोन सी. सीमा ओलांडणारा आयटम वरच्या वर्गात राहतो, आणि त्यामुळे ए वर्गाची बेरीज ७० च्या थोडी पुढे जाते, हे शेठजींना आधीच सांगून ठेवावे.

कॉलमचे सूत्र असे लिहावे. फंक्शनांची नावे मी येथे देवनागरीत लिहीत आहे. फॉर्म्युला बारमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत.

स्थिर वर्ग =
व्हार स्वतःची = [निव्वळ विक्री]
व्हार एकूण = सम-एक्स ( फिल्टर ( ऑल ( माल ), [निव्वळ विक्री] > ० ), [निव्वळ विक्री] )
व्हार आधीची = सम-एक्स ( फिल्टर ( ऑल ( माल ), [निव्वळ विक्री] > स्वतःची ), [निव्वळ विक्री] )
व्हार वाटा = डिव्हाइड ( आधीची, एकूण )
रिटर्न
स्विच ( ट्रू (), स्वतःची <= ० , "डी", वाटा < ०.७, "ए", वाटा < ०.९, "बी", "सी" )

‘आधीची’मध्ये ‘पेक्षा जास्त’ हे चिन्ह वापरले आहे, ‘पेक्षा जास्त किंवा तेवढीच’ हे नाही. त्यामुळे दोन आयटमांची विक्री नेमकी सारखी असेल, तर दोघांच्या आधीची बेरीज एकच येते आणि दोघे एकाच वर्गात पडतात. क्रमांक लावून केलेल्या सूत्रांत अशा जोड्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागते, ती येथे लागत नाही.

जमाखर्च

वरील सूत्रातील डी वर्गाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती ओळ मागाहून सुचलेली वाटेल, पण हिशेबाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. बांधकामाच्या जागेवर गेलेला माल काम संपल्यावर परत येतो आणि त्याची क्रेडिट नोट निघते. माल मागच्या आर्थिक वर्षात विकला गेला आणि परतावा या वर्षात नोंदला गेला, तर त्या आयटमची या वर्षाची निव्वळ विक्री उणे येते. समजा उणे नसलेल्या सर्व आयटमांची बेरीज १०,४०,००० रुपये आहे आणि उणे आयटमांची ४०,०००. निव्वळ एकूण १०,००,००० ने भागले, तर चढती टक्केवारी १०४ पर्यंत चढून मग १०० वर उतरते, आणि मधल्या आयटमांचे वर्ग सरकतात. म्हणून भाजकात केवळ अधिक विक्री घ्यावी, आणि उणे तसेच शून्य विक्रीचे आयटम वेगळ्या वर्गात ठेवावेत. शून्य विक्रीचा आयटम आणि वर्षाला चार खेपा विकला जाणारा आयटम या दोघांनाही सी म्हणणे म्हणजे अडगळीला आणि संथ मालाला एकाच दावणीला बांधणे होय.

दुसरा मुद्दा रकमेचा. विक्री करासह घ्यायची की करपात्र मूल्य घ्यायचे, हे आधी ठरवा आणि करपात्र मूल्यच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले. सिमेंटचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे १०० रुपयांच्या मालाचे बिल १२८ वरून ११८ झाले. करासह रक्कम घेतली असेल, तर त्या तारखेच्या दोन्ही बाजूंची तुलना करताना सिमेंटची विक्री घसरल्यासारखी दिसेल, प्रत्यक्षात एक गोणीही कमी गेलेली नसताना. आपल्या काउंटरवर पांढरे सिमेंट विकले जात असल्यास हे तपासून पाहावे.

टॅलीमधून माल आणताना नावांचीही झडती घ्या. ‘बॉल व्हॉल्व्ह १ इंची’ आणि ‘१ इंच बॉल व्हॉल्व’ हे एकच आयटम दोन नावांनी नोंदलेले असतील, तर विक्री दोन जागी फुटते आणि ए वर्गाचा आयटम दोन बी होऊन बसतो. पॉवर क्वेरीमध्ये (पॉवर बीआयमधील डेटा आणण्याच्या आणि साफ करण्याच्या भागात) जुने नाव आणि खरे नाव अशी दोन कॉलमांची यादी ठेवून ती जोडून घेणे, हा मला सर्वांत टिकाऊ उपाय वाटतो. यादी कंटाळवाणी असते, पण एकदाच करावी लागते.

काउंटर क्रमांक २

चर्चा वाचतो आहे. मी नवी मुंबईत अशाच सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, म्हणून एक शंका मांडतो. टेफ्लॉन टेप विक्रीच्या रकमेने नक्कीच सी वर्गात जाईल. सोल्व्हंट सिमेंटची लहान डबी, पाऊण इंची एल्बो, कपलिंग, हेही तसेच. परंतु प्लंबर सकाळी येतो तो यादी घेऊन येतो. त्या यादीत पाईप, एल्बो, टी, डबी आणि टेप असे सगळे असते, आणि टेप नाही म्हटल्यावर तो पाईपही पुढच्या दुकानातून घेतो. खरेदीवाल्याने सी वर्ग म्हणून महिन्यातून एकदाच टेप तपासली आणि ती मधल्या काळात संपली, तर गेलेली विक्री अहवालात कोठेच दिसणार नाही, कारण जे विकले गेले नाही त्याचे बिल होत नाही.

तीन हात नाका

काउंटर क्रमांक २ यांची शंका मला या धाग्यातील सर्वांत मोलाची वाटते. विक्रीच्या रकमेवर आधारित वर्ग हे फक्त एवढेच सांगतो, की पैसा कोठून येतो. गिऱ्हाईक कशासाठी दारात येते, हे त्याला ठाऊक नसते. यासाठी दुसरे मोजमाप सोपे आहे : ज्या बिलांत तो आयटम आला, त्या वेगवेगळ्या बिलांची संख्या भागिले एकूण बिले. ‘डिस्टिंक्ट काउंट’ने बिल क्रमांक मोजावेत, विक्रीच्या ओळी मोजू नयेत, कारण एका बिलात तोच आयटम दोन ओळींत येऊ शकतो. हे प्रमाण रकमेच्या वर्गाशेजारी ठेवले, की ‘रकमेने सी पण हजेरीने वरचा’ असे आयटम लगेच डोळ्यांत भरतात. त्यांची साठ्याची तपासणी ए वर्गासारखी करावी. माल स्वस्त असल्याने जादा साठा ठेवल्यास पैसाही फारसा अडकत नाही.

औषधांच्या साठ्यात हाच विचार फार जुना आहे. रुग्णालये ए-बी-सीबरोबर व्ही-ई-डी अशी दुसरी विभागणी ठेवतात. तिच्यात औषध जीवनावश्यक आहे, आवश्यक आहे की असल्यास बरे अशा प्रकारचे, हे पाहिले जाते. किमतीचा तिच्याशी संबंध नसतो.

घणसोली ते तुर्भे

थोडे अवांतर वाटेल, पण ७०-२०-१० या आकड्यांना कोणी नियम समजू नये म्हणून लिहितो. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ (१८४८–१९२३) संपत्ती आणि उत्पन्न यांच्या वाटपाचा अभ्यास करत होता, दुकानातील मालाचा नव्हे. त्याचे नाव ‘थोड्यांतून बहुतेक’ या ८०-२० च्या तत्त्वाला चिकटवले ते गुणवत्ता नियंत्रणाच्या क्षेत्रातील जोसेफ जुरान यांनी, आणि पुढे १९७५ मध्ये आपण हे नाव चुकीने दिले होते अशी कबुलीही त्यांनीच दिली. साठ्यासाठी ए-बी-सी ही विभागणी १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील एच. फोर्ड डिकी यांनी मांडली.

शिवाय ८० आणि २० यांची बेरीज १०० होते म्हणून ते एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत असा समज होतो. तसे नाही. ८० टक्के हे विक्रीचे आहेत आणि २० टक्के हे आयटमांच्या संख्येचे. एखाद्या पेढीत ८० टक्के विक्री ७ टक्के आयटमांतून येऊ शकते, दुसरीत ३५ टक्क्यांतून. सीमा ७० वर ठेवायची की ८० वर, हे किती आयटमांची दर आठवड्याला मोजदाद करण्याइतकी माणसे आपल्याकडे आहेत, त्यावरून ठरवावे. म्हणूनच या सीमा सूत्रात आकड्यांच्या रूपाने न लिहिता छोट्या टेबलात ठेवाव्यात.

तीन हात नाका

तेच टेबल हलत्या वर्गासाठीही लागणार आहे. वर सांगितल्याप्रमाणे मेजर आलेखाच्या अक्षावर ठेवता येत नाही. मग ‘तुर्भ्यात या तिमाहीत ए, बी, सी यांची विक्री किती’ असा स्तंभालेख काढायचा कसा? त्यासाठी ‘वर्ग सीमा’ नावाचे तीन ओळींचे स्वतंत्र टेबल करावे : ए ० ते ०.७, बी ०.७ ते ०.९, सी ०.९ ते १. त्याचा माल टेबलाशी कोणताही संबंध जोडू नये. अक्षावर या टेबलातील वर्गाचे नाव ठेवावे, आणि मेजरमध्ये प्रथम ‘ॲड-कॉलम्स’ने ‘ऑल-सिलेक्टेड’ मालाच्या प्रत्येक आयटमशेजारी सध्याच्या फिल्टरमधील विक्री लिहून ती यादी एका व्हेरिएबलमध्ये साठवावी. नंतर त्या साठवलेल्या यादीतून ज्यांच्या आधीच्या बेरजेचा वाटा त्या ओळीच्या दोन सीमांमध्ये बसतो, तेवढ्या आयटमांची विक्री जमा करावी. खालची सीमा धरायची आणि वरची सोडायची, म्हणजे कोणताही आयटम दोनदा मोजला जात नाही.

विक्री आधी साठवून घेणे ही केवळ टापटीप नव्हे. १,८४० आयटमांपैकी प्रत्येकाची तुलना यादीतील सर्वांशी करायची म्हणजे ३३,८५,६०० तुलना होतात, आणि तक्ता बारा महिन्यांचा असेल तर त्या चार कोटींच्या पुढे जातात. दर तुलनेला विक्रीचे मेजर नव्याने काढायला लावले, तर पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेले ‘विंडो’ हे फंक्शन चढत्या बेरजेसाठी लागणाऱ्या, क्रमाने लावलेल्या ओळी थेट देते, तेही वापरता येईल. मात्र त्यात सारख्या विक्रीच्या आयटमांसाठी ‘ऑर्डर-बाय’मध्ये आयटम कोड हा दुसरा निकष द्यावा.

कोपरीकर

सर्वांचे आभार. आठ दिवस यावर काम केले. स्थिर वर्ग आता डी धरून चार झाले आहेत, आणि ‘हलता वर्ग’ वेगळ्या पानावर आहे. टाकीची चूक आमच्याकडेही निघाली, फक्त ती टाक्यांत नसून गिझरच्या जोडनळ्यांच्या गटात होती.

एक नवी अडचण. घोडबंदर रस्त्यावरच्या एका इमारतीसाठी मार्चमध्ये ११० मिमीच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाईपची मोठी ऑर्डर एकदाच गेली, आणि त्या एका ऑर्डरमुळे तो पाईप वर्षभरासाठी ए झाला. काउंटरवर तो महिन्याला जेमतेम काही नग जातो. खरेदीवाल्यांनी ए पाहून साठा मागवला, तर गोदामाची एक बाजू त्यातच भरेल.

जमाखर्च

याचे दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, काउंटरची विक्री आणि जागेवरची विक्री यांचे स्थिर वर्ग वेगळे काढावेत, कारण जागेवरच्या ऑर्डरसाठी माल बहुधा ऑर्डर आल्यावरच मागवला जातो आणि साठ्याचा प्रश्न काउंटरपुरताच असतो.

दुसरा, विक्री किती नियमित आहे ते मोजावे. याला एक्स-वाय-झेड म्हणतात. मासिक विक्रीचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचे माप) काढून त्याला मासिक सरासरीने भागायचे. दरमहा १० नग जाणाऱ्या आयटमसाठी उत्तर शून्य येते. वर्षात एकदाच १२० नग गेलेल्या आयटमची मासिक सरासरीही १० च असते, पण उत्तर सुमारे ३.३ येते. रकमेने दोघे सारखे असले, तरी एकाचा साठा ठेवायचा आणि दुसऱ्याचा नाही, हे त्या आकड्यावरून कळते.

येथे एक सापळा आहे. ज्या महिन्यात विक्री झाली नाही त्या महिन्याची ओळच विक्रीच्या टेबलात नसते. तो महिना गणनेतून गळला, तर एकदाच विकल्या गेलेल्या आयटमसाठी एकच महिना मोजला जातो, विचलन शून्य येते आणि तो सर्वांत नियमित आयटम ठरतो. म्हणून महिने तारखांच्या टेबलातून घ्यावेत आणि रिकाम्या विक्रीत शून्य मिळवून ती आकड्यात आणावी.

गोदामातला

वर्षाच्या हिशेबाबद्दल एक सूचना. एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष धरून ‘आजपर्यंतची विक्री’ घेऊ नका. एप्रिलच्या अखेरीस ती एकाच महिन्याची असते, आणि नेमकी पावसाळ्याआधीची, म्हणजे आपल्या भागात वॉटरप्रूफिंग आणि गळतीच्या सामानाची. मागचे पूर्ण बारा महिने सरकते धरावेत.

कोपरीकर

सरकते बारा महिने ‘डेट्स-इन-पिरियड’ने घेतले. काउंटर आणि जागा यांचे वर्ग वेगळे केल्यावर तो पाईप काउंटरच्या यादीत सी वर आला, आणि नियमिततेच्या कॉलममध्ये त्याच्याशेजारी तांबडा ठिपका लागला. टेफ्लॉन टेप रकमेने सी आहे, पण बिलांतील हजेरीने ती पहिल्या दहांत बसली, त्यामुळे ती आता साप्ताहिक तपासणीत आहे.

शेवटची शंका : पुढील तिमाहीत यादी नव्याने काढली, की कॉलममधील जुना वर्ग पुसला जाईल. गोदामातला यांचा ‘लागोपाठ दोन याद्या’ हा नियम लावायचा, तर मागचा वर्ग कोठून आणायचा?

तीन हात नाका

कॅल्क्युलेटेड कॉलमला स्मरण नसते, तेव्हा तो बाहेर जपावा लागेल. प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस आयटम कोड, यादीची तारीख आणि वर्ग असे तीन कॉलम एक्सेलमध्ये काढून एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवा, आणि पॉवर क्वेरीला तो संपूर्ण फोल्डर वाचायला सांगा. फाइल वाढली की इतिहास आपोआप वाढतो. मग अमलात येणारा वर्ग म्हणून आणखी एक कॉलम करा : शेवटच्या दोन याद्यांतील वर्ग एकच असेल तर तो, नाहीतर त्याआधी जो अमलात होता तोच पुढे चालू. हा अमलातला वर्गही त्याच फाइलमध्ये चौथा कॉलम म्हणून लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या तिमाहीत ‘त्याआधी’ काय होते ते शोधण्यासाठी सुरुवातीपर्यंत मागे जावे लागेल. पहिल्या यादीला मागचे काही नसल्याने तिच्यात निघालेला वर्ग तसाच अमलात येईल.

गोदामात चिकटवायची यादी त्या चौथ्या कॉलमवरूनच छापावी.

कोपरीकर

समजले. ३० जूनची फाइल या फोल्डरमधली पहिली असेल. तुर्भ्याला ती छापून पाठवताना तिच्यावर तारीख मोठ्या अक्षरांत घालतो.